औंध संस्थानच्या शाळा व त्यांचीं दप्तरें : आजवरच्या लेखनाचा परामर्श

औंध संस्थानासंबंधीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. राजेसाहेबांची चित्रकला, त्यांनीं केलेला सूर्यनमस्कारांचा प्रसार आणि १९३९ सालीं प्रजेस दिलेली राज्यघटना या तीन विषयांवर तर मराठींत व इंग्रजींत लेखनाची उणीव नाहीं. परंतु या संस्थानांतील शाळा विलीनीकरणानंतर कोणाच्या हातीं गेल्या व त्यांच्या दप्तरांची काय वाट लागली, हा प्रश्न बहुतेक लेखकांनीं बाजूस ठेविला आहे. प्रस्तुत लेखांत या लेखनाचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. शाळांचा इतिहास आज ज्या जिल्ह्यांच्या चौकटींत लिहिला जातो, ती चौकट त्या शाळांच्या भरभराटीच्या काळीं अस्तित्वांतच नव्हती. आणि शाळांचीं मूळ रजिस्टरें साधन म्हणून हातीं घेतल्यावांचून ही चूक दुरुस्त होणें नाहीं.

प्रथम मुलखाची मांडणी ध्यानांत घेतली पाहिजे. पंतप्रतिनिधींचें हें संस्थान सुमारें ५०१ चौरस मैलांचें, पण एकसंध नव्हतें. औंध, आटपाडी, कुंडल व दूर विजापुराकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे ब्रिटिश मुलखांत व इतर संस्थानांत विखुरलेले होते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ सालीं गादीवर आले व संस्थान विलीन होईपर्यंत राजे राहिले. १९३९ च्या घटनेनें ग्रामपंचायती व तालुका समित्या यांजकडे स्थानिक कारभार सोंपविला गेला. या विखुरलेल्या तुकड्यांस जोडणारें जें थोडें होतें, त्यांत शिक्षणाचा समावेश करावा लागेल. आटपाडीकडील मुलगा कुंडलास शिके व पुढें औंधाच्या हायस्कुलांत जाई. कविवर्य ग. दि. माडगूळकर यांचें शिक्षण याच वाटेनें झालें.

८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं व ही वाट तुटली. पुढील चौदा वर्षांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. औंध उत्तरेंत राहिलें. आटपाडी व कुंडल दक्षिणेंत गेलीं. १९५६ सालीं राज्यपुनर्रचना होऊन विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला. १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानें जिल्हा स्कूल बोर्डांकडे आलेल्या शाळा १९६२ सालीं जिल्हा परिषदांकडे गेल्या. म्हणजे कुंडलच्या एखाद्या प्राथमिक शाळेनें, इमारत न बदलतां, औंध संस्थान, सातारा, दक्षिण सातारा व सांगली असे चार पत्ते पाहिले. व चौथ्या पत्त्यावर असतां पुन्हा धनीही बदलला. प्रत्येक बदलाच्या वेळीं कांहीं कागद वर मागविले जातात, कांहीं खालींच राहतात, व कांहीं कोणीच मागत नाहीं. दप्तरें फुटण्याचें खरें कारण आग किंवा वाळवी एवढेंच नाहीं, तर हेंही आहे.

आतां या काळाविषयींचें लेखन पाहूं. सरकारी गॅझेटियरें हें पहिलें साधन. १८८५ च्या सातारा गॅझेटियराचा मुख्य विषय ब्रिटिश जिल्हा हा होता. जहागिरींस त्यांत दुय्यम स्थान मिळालें, हें त्या ग्रंथाच्या योजनेस धरूनच झालें. स्वातंत्र्योत्तर काळांत साताऱ्याचें गॅझेटियर १९६३ सालीं व सांगलीचें १९६९ सालीं निघालें. माहितीच्या विपुलतेबद्दल दोन्ही ग्रंथ आदरास पात्र आहेत. तथापि जिल्हा हेंच परिमाण धरल्यामुळें औंध एका ग्रंथांत, आटपाडी व कुंडल दुसऱ्या ग्रंथांत, आणि गुणदाळ तर निराळ्या राज्याच्या खात्यांत, अशी विभागणी होणें अटळ झालें. एका शिक्षणखात्याचा संसार तीन घरांत वांटला गेला, व अभ्यासक ज्या घरांत शिरेल तेथें त्यास एकतृतीयांशच भांडीं दिसतात. ज्यांनीं पुढें या ग्रंथांवरून तालुक्यांचे इतिहास रचले, त्यांनीं आजची सीमा मागील काळावर लादली. हा दोष गॅझेटियरकारांपेक्षां त्यांवर डोळे झांकून विसंबणाऱ्यांचा अधिक आहे.

दुसरा वर्ग चरित्रें व आठवणी यांचा. राजेसाहेबांचें आत्मचरित्र व अप्पासाहेब पंत यांचा १९८९ सालचा इंग्रजी ग्रंथ हीं जवळच्या मनुष्यांचीं साधनें म्हणून मोलाचीं आहेत. परंतु राजाच्या आसनावरून किंवा राजपुत्राच्या नजरेंतून शाळा दिसते ती तपासणीच्या किंवा समारंभाच्या दिवसाची. कोणत्या घरचीं मुलें आलीं व दुष्काळाच्या सालीं किती गळलीं, हें तेथें शोधण्यांत अर्थ नाहीं. इंदिरा रोदरमुंड यांच्या १९८३ च्या ग्रंथाचा विषय ग्रामस्वराज्याचा प्रयोग हा आहे; शाळा त्यांत अनुषंगानें येते, व याबद्दल त्यांस दोष देतां येणार नाहीं.

तिसऱ्या साधनाविषयीं मात्र स्पष्ट लिहिणें भाग आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ सालीं पुस्तकरूपानें निघाली. औंध संस्थानांतील एका धनगर वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची ती कथा आहे. वाङ्मय म्हणून तिची योग्यता निर्विवाद आहे. परंतु संस्थानी शाळांविषयीं बोलतांना हीच कादंबरी दाखला म्हणून पुढें करण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. कादंबरीनें त्या जीवनाचें वातावरण कळतें. पटावरील संख्या, मास्तराचा पगार व तपासणीचे शेरे कळत नाहींत. बखरीवरून तह सिद्ध न करण्याची जी शिस्त आपण पाळतों, तीच येथेंही पाळली पाहिजे. शाळांच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकांची गतही फारशी निराळी नसते. अध्यक्षांचे संदेश, देणगीदारांची यादी व नामांकित विद्यार्थ्यांचीं नांवें यांवर पानें खर्ची पडतात. आणि ज्या रजिस्टराच्या आधारें शताब्दी मोजली, त्याचें एक पानही छापलेलें क्वचित् आढळतें.

या रजिस्टराचें महत्त्व केवढें, याचें उत्तम उदाहरण साताऱ्यासच आहे. तेथील सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या, रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेस १९१४ या अनुक्रमांकापुढें भिवा रामजी आंबेडकर हें नांव दाखल आहे. या एका ओळीमुळें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हायस्कुलांतील शिक्षणाचा आरंभ अस्सल कागदानें सिद्ध होतो. व त्याच आधारावर २०१७ पासून महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. खेड्यांतील रजिस्टरांत अशीं जगप्रसिद्ध नांवें नसतील. पण इतिहासाच्या दृष्टीनें त्या ओळींची जात एकच.

तथापि रजिस्टर अस्सल म्हणून त्यांतील प्रत्येक अक्षर प्रमाण, असेंही आमचें म्हणणें नाहीं. जन्मतारखेच्या रकान्यांत एक जून ही तारीख इतक्या मुलांपुढें दिसते कीं, ती बापाच्या स्मरणांतून न येतां मास्तराच्या सोयींतून आली, हें उघड आहे. जुन्या नोंदींत पुष्कळदां आडनांव नसतें. मुलाचें नांव व ‘बिन’ घालून बापाचें नांव एवढ्यावर भागविलेलें असतें. जुनी वही जीर्ण झाली म्हणजे नवी उतरून काढीत. मोडींतील वही बाळबोधींत उतरतांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडींत नसल्यामुळें, व अक्षरें जोडून लिहिलेलीं असल्यामुळें, नांवांचीं रूपें बदललीं. म्हणून हातीं आलेली वही मूळ आहे कीं नक्कल, हें शाई, कागद व हस्ताक्षर यांवरून आधीं ठरविलें पाहिजे. शिक्क्यावरून काल ठरवितांनाही सावधगिरी हवी. छापील कागद शिल्लक असे तोंवर जुन्या नांवाचाच वापरण्याची कचेऱ्यांची रीत सर्वश्रुत आहे. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुक व डेडस्टॉकची वही हीं चारही एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तरच विधान करावें.

हा केवळ संशोधकांचा प्रश्न राहिलेला नाहीं. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो, व सामान्य कुटुंबाजवळ तो बहुधा शाळेच्या रजिस्टरांतच असतो. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां शाळांचीं कपाटें उघडलीं गेलीं व मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. ज्या कागदांस काल रद्दीची किंमत होती, त्यांवर आज नातवंडांचें शिक्षण व नोकरी अवलंबून आहे. जेथें वही हरवली, तेथें इतिहासाबरोबर एका कुटुंबाचा हक्कही हरवला.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची एक विनंती आहे, व ती कांहींस रुचणार नाहीं. पोथी घरांतून संग्रहांत आली तर बहुधा वांचते. शाळेचें रजिस्टर शाळेंतून आपल्या कपाटांत आलें तर कागद वांचतो, पण त्याचा अधिकार मरतो. कारण त्यावरून उतारा देण्याचा अधिकार मुख्याध्यापकाचा आहे, संग्राहकाचा नाहीं. रद्दींत अशी वही आढळल्यास ती अवश्य विकत घ्यावी, तिचीं छायाचित्रें काढावीं, मोडी मजकूर बाळबोधींत उतरावा, आणि मूळ वही जिच्या मालकीची त्या शाळेस परत करावी. छायाचित्रांची एक प्रत मंडळाकडे पाठवावी, म्हणजे औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ या चारही ठिकाणच्या नोंदी एका यादींत पुन्हा शेजारीं येतील. संस्थान पुन्हा जोडतां येत नाहीं व तें जोडण्याचें कारणही नाहीं. त्याचें दप्तर मात्र जोडतां येतें. तें जुळेल तेव्हांच या शाळांचा इतिहास लिहावयास बसणें योग्य होईल.