खलपुरुषाची वाढ

माझ्या पहिल्या कादंबरीतला सावकार पहिल्या प्रकरणात जितका दुष्ट होता, तितकाच तो शेवटच्या प्रकरणातही होता. एका वाचकाने पत्रात लिहिले, "मास्तर, तुमचा सावकार आईच्या पोटातूनच पिळदार मिशा घेऊन आलेला दिसतो." तेव्हा राग आला. पुढे 'ऑथेल्लो' पुन्हा वाचताना ते पत्र आठवले आणि पटलेही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. शेक्सपिअरशी माझी ओळख प्रथम देवलांच्या १८९० सालच्या 'झुंझारराव'मुळे झाली. मूळ नाटक मागाहून, कोश उशाशी घेऊन वाचले. फराळाच्या ताटाशेजारी खुनाची गोष्ट काढतो आहे, याची गृहिणींनी क्षमा करावी.

इयागो हा खलपुरुषांचा मुकुटमणी, असे आपण ऐकत आलो आहोत. त्यामुळे पडदा वर जाताच तो पुरता तयार होऊन उभा आहे, असा आपला समज होतो. वस्तुतः पहिल्या अंकात त्याचे गाऱ्हाणे एखाद्या कारकुनाचे असावे तसे आहे. उपसेनापतीची जागा कॅसिओला मिळाली आणि आपण निशाणबरदारच राहिलो! आणि तो करतो काय? व्हेनिसच्या रस्त्यावर रात्री डेस्डिमोनाच्या बापाच्या दाराशी बोंब ठोकतो आणि म्हातारा खाली येण्याआधीच अंधारात सटकतो. दारावर दगड मारून पळणाऱ्या पोराहून यात फारसे अधिक नाही. रॉडरिगोचे पैसे तो उकळतो खरा. पण तो लुच्चेपणा झाला.

अंक संपताना तो एकटा उरतो आणि एक नवे कारण काढतो. ऑथेल्लोचे आपल्या बायकोशी सूत असल्याची कुजबुज आहे. ती खरी की खोटी हे त्याला ठाऊक नाही. तरी खरी धरून चालायचे, असे तो ठरवतो. सायप्रस बेटावर पोहोचल्यावर हाच संशय तो कॅसिओवरही घेतो. कोलरिजच्या मते याच्या दुष्टपणाला मुळात कारणच नाही, तो उगीच कारणे धुंडाळतो. मला वाटते, कारण होते, पण ते लहान होते. कृत्य मोठे होऊ लागले, तसे कारणही मोठे लागू लागले.

ही कथा शेक्सपिअरने चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या संग्रहातून घेतली. तिथला निशाणबरदार डेस्डिमोनावर भाळलेला असतो आणि तिने दाद न दिल्यामुळे उलटतो. किती सोयीचे कारण! शेक्सपिअरने ते एका ओझरत्या उल्लेखावर आणून ठेवले. तिथे रुमालही निशाणबरदार स्वतः चोरतो. नाटकात तो गळून पडतो, एमिलिया उचलते आणि नवऱ्याच्या हाती आयता येतो.

माझ्या मते सारे नाटक तिसऱ्या अंकातील मोठ्या प्रवेशावर तोललेले आहे. दारूच्या नशेत दंगा केल्यामुळे कॅसिओ आधीच बडतर्फ झाला आहे. ऑथेल्लो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो, इयागोही शेजारी गुडघे टेकतो, आणि उपसेनापतीची जागा त्याला तिथल्या तिथे मिळते. ज्या जागेसाठी त्याने बोंब ठोकली, ती नाटकाच्या मध्यावरच हाती आली! मी लेखक असतो, तर त्याला इथे मिशीत हसवून पडदा टाकला असता. पण त्याला आता थांबता येत नाही. कॅसिओला तीन दिवसांत ठार करण्याचे तो पत्करतो आणि लागलीच डेस्डिमोनाच्या जिवासाठी रदबदली करतो. तिचे तुकडे करीन, असे ऑथेल्लो मघाशी म्हणाला होता. पण ते संतापाचे बोलणे होते. या रदबदलीने त्याचा बेत झाला. केवढी ही दया! चौथ्या अंकात विष नको, शय्येवरच गळा दाबावा, हे सुचवणाराही तोच.

पाचव्या अंकात मात्र तो मला दुष्टापेक्षा घाबरलेलाच अधिक दिसतो. वर्गात एकदा खोटे बोललेला मुलगा पहिल्याला टेकू म्हणून दुसरे खोटे रचतो, तेव्हा त्याचे डोळे असेच फिरतात. रॉडरिगो जगला तर डेस्डिमोनाच्या नावाने घेतलेले जवाहीर परत मागेल. कॅसिओ जगला तर ऑथेल्लो त्याच्याशी बोलेल आणि बिंग फुटेल. या हिशोबातच तो एक निराळी गोष्ट कबूल करून जातो. कॅसिओच्या रोजच्या जगण्यात काही सुंदर आहे, त्यापुढे आपण कुरूप ठरतो. आधीच्या सगळ्या कारणांहून मला हे एकच खरे वाटते. अंधारात तो कॅसिओच्या पायावर मागून वार करतो, रॉडरिगोला संपवतो. शेवटी सत्य सांगू लागलेल्या आपल्या बायकोला तो सर्वांदेखत भोसकतो.

या नाटकात सर्वांत अधिक बोलणे इयागोच्याच वाट्याला आले आहे. पकडल्यावर मात्र तो आणखी एक शब्दही बोलायचे नाकारतो. ऑथेल्लो त्याच्यावर वार करतो, पण त्यानेही तो मरत नाही. त्याच्या शिक्षेचे काम सायप्रसच्या नव्या अधिकाऱ्याकडे सोपवले जाते, आणि तो अधिकारी कॅसिओ असतो.