दोन कस्तूर, दोन शिळा

सह्याद्रीतला शीळकरी कस्तूर आणि हिमालयातला निळा शीळकरी कस्तूर या एकाच प्रजातीच्या दोन जाती. जनुकीय अभ्यासानंतर शास्त्रज्ञांनी दोघांनाही कस्तूर कुळातून माशीमारांच्या कुळात हलवलं. दोघांनाही खळाळतं पाणी, ओला कातळ आणि सावली लागते. दोघंही किडे, गोगलगायी, खेकडे खातात. दोघांतही नर आणि मादी दिसायला सारखेच. इतकं सगळं समान असताना रंगाची आणि सुरांची मांडणी मात्र पार वेगळी.

आधी रंग पाहू. हिमालयातला पक्षी मोठा, तीस सेंटिमीटरांहून लांब, पिवळ्या चोचीचा. त्याची निळाई अंगभर उधळलेली असते. गडद जांभळट-निळ्या पिसांवर चकाकणारे बारीक ठिपके. सावलीत तो नुसता काळा वाटतो, उन्हात आला की ठिपकान् ठिपका उजळतो. आपला सह्याद्रीकर साधारण 25 सेंटिमीटरांचा, काळ्या चोचीचा. त्याने तेजस्वी निळा रंग हात राखून वापरलाय. कपाळावर एक पट्टा, खांद्यावर एक डाग, बाकी सारा काळोख. म्हणूनच तो पट्टा झुडपातूनही नजर खेचून घेतो.

गाण्यात याच्या नेमकं उलट होतं. हिमालयातल्याचा सूर उंच आणि धारदार. ओढ्याची गर्जना बरीचशी खालच्या पट्टीत असते, तिच्या वरून हा सूर निघून जातो. सह्याद्रीतला माणसाच्या शिळेच्या जवळ जातो आणि सढळपणे गातो. सूर चढतो, घसरतो, मध्येच थांबतो, भलतीकडूनच पुन्हा सुरू होतो. सम गाठायची घाई नाही. इंग्रजांनी त्याला ‘आळशी शाळकरी पोर’ म्हटलं ते यामुळेच. पण माणसाने वाढवलेली पिल्लं अख्खी धून उचलत, अशा जुन्या नोंदी आहेत. तेव्हा रानातली ही भटकंती म्हणजे न येणं नव्हे. ती त्याची गायकी आहे.

हिमालयातला उन्हात पाहावा, सह्याद्रीतला अंधारात ऐकावा. डिसेंबरात महाबळेश्वरला तो दिसेल, पण बहुधा एखादी कर्कश किंकाळी देऊन उडून जाईल. तेवढ्यावरून त्याची पारख करू नये. ती करायची तर भर पावसाळ्यात, उजाडण्याआधी उठायला हवं.