रिकाम्या जागेची समस्यापूर्ती

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये जॅग्वार कंपनीने लंडनमध्ये एक जुनी गाडी लोकांपुढे मांडली. १९६८ सालची ई-टाइप रोडस्टर. तेच लांबसडक बॉनेट, तीच पार मागे सरकून बसलेली दोन आसने, तोच शेपटाकडे निमुळता होत गेलेला देह. खरा फरक होता तो आत. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून तिथे बॅटरी आणि विजेची मोटर बसवलेली होती. जुन्या जॅग्वार दुरुस्त करण्यासाठी कॉव्हेंट्रीत कंपनीचाच एक खास कारखाना आहे, तिथे हे काम झाले. गाडीचे नाव ठेवले ‘ई-टाइप झीरो’.

युरोपातल्या जुन्या गाड्या विजेवर आणण्याचा उद्योग आता चांगलाच फोफावला आहे. ऑक्सफर्डपासून श्टुटगार्टपर्यंत त्याची गॅरेजेस आहेत, फ्रान्सने २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमही केला. बीटल, मिनी, फियाट ५००, पोर्श ९११, लँड रोव्हर, कुणीच सुटलेले नाही. झीरोपेक्षा लांबचा पल्ला गाठणाऱ्या आणि तिच्याहून जोरात पळणाऱ्या गाड्याही त्यात आहेत. तरी या कलेचा एकच नमुना जवळून पाहायचा तर मी झीरोच निवडेन. तिच्या कर्त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती आणि सगळा रस त्या अटीत आहे.

पूर्वी राजदरबारी समस्यापूर्तीचा खेळ चाले. कुणीतरी श्लोकाचा एक चरण द्यायचा आणि कवीने उरलेले चरण रचून श्लोक पुरा करायचा. दिलेल्या चरणातले अक्षर हलवायचे नाही, वृत्त मोडायचे नाही, आणि अर्थ मात्र स्वतःचा आणायचा. झीरोच्या कर्त्यांपुढची समस्या याच जातीची होती. त्यांना मिळालेला चरण होता मूळ गाडीचा पत्रा, सांगाडा, सस्पेन्शन आणि ब्रेक. यातल्या कशालाही धक्का न लावता इंजिनाने मोकळी केलेली जागा भरायची होती.

हा चरण कुणी दिला, ते आधी पाहू. ई-टाइपचा आकार माल्कम सेयर यांचा. ते मूळचे विमानांच्या कारखान्यातले. ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत काम करून जॅग्वारमध्ये आले. गाडीला ‘स्टाइल’ देणारा माणूस म्हणवून घेणे त्यांना आवडत नसे. वक्ररेषा ते गणिताने काढत, लॉग टेबल आणि स्लाइड रूल घेऊन बिंदू बिंदू मांडत. ल मांच्या शर्यती जिंकलेल्या सी-टाइप आणि डी-टाइप त्यांच्याच. डी-टाइपने १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे ती शर्यत मारली. त्याच हिशेबाची सडकेवर चालवायची गाडी म्हणजे १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात प्रकट झालेली ई-टाइप. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ मध्ये एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, पण ती शिल्प म्हणून घडवलेली नव्हती. वाऱ्याला कमीत कमी अडवायचे, एवढाच सेयर यांचा हट्ट होता.

इंजिनाची कुळकथा आणखी जुनी. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडत होते. कारखान्याला आग लागली तर धावता यावे म्हणून अधिकाऱ्यांनाही रात्रपाळीचा पहारा असे. कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स आणि त्यांचे इंजिनिअर विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली या मंडळींनी त्या पहाऱ्याच्या रात्री युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा करण्यात घालवल्या. त्यातून एक्सके इंजिन आले. ते १९४८ मध्ये बाजारात उतरले आणि १९९२ पर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसतच राहिले. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट असलेले हे इंजिन ताकदवान होते, देखणेही होते. पण होते उंच.

उंच इंजिन आणि बुटकी गाडी यांचा मेळ कसा घालायचा? ई-टाइपच्या बॉनेटकडे जरा निरखून पाहा. मधोमध एक लांबट फुगवटा आहे. तो नक्षीसाठी नाही. इंजिनाचे डोके खाली मावेना म्हणून पत्रा तेवढ्यापुरता वर उचलला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्यात कापलेल्या झडपांच्या रांगा आहेत. त्या कोंडलेली गरम हवा बाहेर सोडण्यासाठी. ई-टाइप तापते, ट्रॅफिकमध्ये अडकली की फारच तापते, हे तिच्या प्रत्येक मालकाला ठाऊक असते. बॉनेट पुढच्या बिजागरीवर अख्खेच्या अख्खे उघडते, त्यामुळे मेकॅनिकला दोन्ही बाजूंनी हात घालता येतो. अशी या गाडीची प्रत्येक रेषा खालच्या कुठल्या तरी गरजेतून उगवलेली. आणि झीरोत नेमकी ती गरजच उचलून बाजूला ठेवलेली! खरी समस्या इथे आहे.

तिची पूर्ती कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. आजच्या विजेच्या गाड्यांत बॅटरी सपाट लादीसारखी आसनांखाली पसरलेली असते. वजन खाली राहते, जागा वाचते. नवी गाडी आखताना हे उत्तम. पण ई-टाइपचा मधला भाग हा पत्र्याचा एकसंध, भार पेलणारा डबा आहे. त्याच्या तळाला कापाकापी केली की चरणच बदलला. म्हणून झीरोच्या कर्त्यांनी बॅटरी बॉनेटखाली, इंजिनाच्याच जागी उभी केली. तिची मापे एक्सके इंजिनाइतकीच ठेवली, वजनही जवळपास तेवढेच. मोटर आणि वेग उतरवणारा गिअर तिच्या मागे, जुन्या गिअरबॉक्सच्या जागी. तिथून नवा प्रॉपेलर शाफ्ट मागे जातो आणि जुन्याच डिफरन्शिअलला जाऊन मिळतो.

याचे फळ असे की पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या वजनाची वाटणी बदलली नाही. सस्पेन्शन तेच राहिले, ब्रेक तेच राहिले. उलट गाडी मूळच्यापेक्षा ४६ किलोंनी हलकी झाली. विजेवर आणलेली गाडी हलकी होणे ही या धंद्यात सहसा न घडणारी गोष्ट. वळणावर ही गाडी जुन्या ई-टाइपसारखीच वागते, असे कंपनी म्हणते. वजन, वजनाची जागा आणि स्प्रिंगा सगळे तेच असताना तिने वेगळे तरी का वागावे?

शेजारी दुसरा नमुना ठेवला की या संयमाची किंमत कळते. फोक्सवॅगनने २०१९ मध्ये ई-क्लासिक्स या कंपनीच्या साथीने जुन्या बीटलला वीज जोडली. त्यांच्याच ई-अप या छोट्या गाडीतले सुटे भाग वापरले. बॅटरीचे १४ संच, मिळून ३६.८ किलोवॅट-अवर, गाडीच्या तळाशी. मोटर ६० किलोवॅटची. काम नीटस आणि व्यवहाराला धरून आहे. कंपनीच्या फडताळात तयार असलेले भाग वापरल्याने खर्चही आटोक्यात राहतो. पण गाडीचे वजन गेले १,२८० किलोंवर. मूळ बीटल याहून कितीतरी हलकी असे. मग चासी बदला, ब्रेक भक्कम करा, अशी एकातून दुसरी गोष्ट निघत गेली. वरून बीटल आहे, खाली दुसरीच गाडी चालते आहे. वाईट म्हणता येणार नाही, पण कवीने दिलेला चरण आपल्या सोयीने सुधारून घेतला, एवढे म्हणावेच लागेल.

अट पाळायची तर तिची किंमतही मोजावी लागते. इंजिनाच्या मापाच्या पेटीत झीरोला मावली ती ४० किलोवॅट-अवरची बॅटरी. साधारण साडेचार लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ही ऊर्जा. जुनी ई-टाइप तेवढ्यावर तीस-पस्तीस किलोमीटर गेली तरी पुष्कळ. झीरोचा पल्ला मात्र कंपनीने २७० किलोमीटर सांगितला. पेट्रोल इंजिन आपल्या खाण्यातला बहुतेक भाग उष्णता म्हणून उधळते, त्या झडपांतून बाहेर पडणारी हवा तीच; मोटर मात्र जवळजवळ सगळे चाकांपर्यंत पोचवते. चार्ज व्हायला सहा-सात तास, म्हणजे घरी रात्रभर. मोटर २२० किलोवॅटची. थांबलेल्या गाडीने ताशी १०० किलोमीटर गाठायला ५.५ सेकंद, मूळ गाडीपेक्षा साधारण एक सेकंद कमी. ‘आमची गाडी किती पळते’ हे सांगण्याचा मोह इथे आवरलेला दिसतो. त्याच सांगाड्यात दुप्पट ताकद कोंबता आली असती, पण मग १९६१ सालच्या आखणीचे सस्पेन्शन रडले असते.

आता उणिवा. पहिली आणि मोठी म्हणजे आवाज. एक्सके इंजिनाचा आवाज ही ई-टाइपची निम्मी ओळख. खालच्या फेऱ्यांना घोगरा, वर जाताना ताणत गेलेला. आणि तो नुसता ऐकण्यापुरता नव्हता. चालवणारा कानाने गिअर बदलत असे. सुई पाहायची गरज पडत नसे. झीरोत एकच वेग उतरवणारा गिअर आहे, बदलायला काही उरलेलेच नाही. म्हणजे आवाज गेला आणि त्याबरोबर चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचे, हाताचे आणि कानाचे एकमेकांशी जुळलेले कामही गेले. उघड्या गाडीत वारा आणि टायर आता अधिक स्पष्ट ऐकू येत असतील, पण ती भरपाई अर्धीच. बॉनेटवरचा फुगवटा अजून आपले काम करतो, कारण खाली तेवढ्याच उंचीची पेटी आहे. झडपांना मात्र पूर्वीचे काम नाही. पेट्रोल जाळणारी ती भट्टीच विझली.

दुसरी उणीव मला जास्त खटकते, कारण ती टाळता आली असती. बाहेर जवळजवळ अक्षरही न हलवणाऱ्या या मंडळींनी डॅशबोर्डवर मात्र हात सैल सोडला. मूळ ई-टाइपमध्ये स्मिथ्सच्या गोल काळ्या डायलची शिस्तीची रांग असते. झीरोत त्या जागी स्क्रीनवरचे आकडे आहेत, कार्बन फायबर आहे, गिअरच्या दांड्याऐवजी फिरवायची गोल चकती आहे. प्रेरणा मूळ डॅशबोर्डचीच, असे कंपनी सांगते. पण बॅटरी किती उरली हे जुन्या पेट्रोलच्या काट्यालाही दाखवता आले असते. सगळा श्लोक वृत्तात बसवून एका जागी मात्रा वाढवावी, तसे हे झाले.

जाणकारांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ, फिव्हा, याने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की विजेवर आणलेली गाडी त्यांच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन राहत नाही. त्यांच्या मते गाडीचा इतिहास फक्त आकारात नसतो. ती कशी बनवली आणि कशावर चालली, यातही असतो. हे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. कॉव्हेंट्रीतल्या त्या पहाऱ्याच्या रात्री ई-टाइपच्या पोटात होत्या, त्या झीरोत नाहीत. पण त्याच निवेदनात महासंघाने एक सल्लाही दिला आहे: बदल करणारच असाल तर तो परत फिरवता येईल असा करा, काढलेले मूळ भाग खुणा करून नीट जपून ठेवा. जॅग्वारने २०१८ मध्ये असे परिवर्तन गिऱ्हाइकांसाठी जाहीर केले, तेव्हा नेमकी हीच हमी दिली होती. मापे आणि जागा इंजिनाच्याच ठेवल्याचा खरा अर्थ इथे उलगडतो. बॅटरीने इंजिनाची जागा बळकावली नाही, ती राखून ठेवली.

२०१८ च्या १९ मे रोजी ही गाडी साऱ्या जगाने पाहिली. प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल लग्नानंतर विंडसर कासलहून फ्रॉगमोर हाउसला याच गाडीतून गेले. रुपेरी निळा रंग, नंबरप्लेटवर लग्नाची तारीख. जाहिरात यापेक्षा मोठी मिळत नाही. तरीही २०१९ च्या अखेरीस कंपनीने हे काम बाजूला ठेवले.

काम थांबले म्हणून ही रचना वाया गेली असे मात्र मला वाटत नाही. झीरोने या कलेला एक कसोटी दिली. आता कुणी आपली विजेवर आणलेली जुनी गाडी दाखवली की किती पळते, किती पल्ला, हे विचारण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. मूळ इंजिन कुठे ठेवले आहे? आणि ते परत बसवायचे म्हटले तर काय काय पुन्हा जोडावे लागेल, वेल्डिंग करावे लागेल? उत्तर ‘बोल्ट’ असेल तर मी पुढचे ऐकायला बसतो. उत्तर ‘ग्राइंडर’ असेल, तर ती गाडी कितीही पळो, तिने मूळ रचनेचा चरण खोडलेला असतो. झीरोला डॅशबोर्डचे गुण मी कापेन, आवाजाचे कापावेच लागतील. पण समस्यापूर्तीचा पहिला नियम तिने पाळला आणि दिलेले अक्षर शाबूत ठेवले. उद्या कुणी ते इंजिन परत बसवले, तर सेयर आणि हेन्स यांची गाडी जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागेल. या कलेत यापेक्षा मोठी दाद मूळ कर्त्याला देता येत नाही.