श्रेयांक आणि श्रेय

अकोला–वाशीम रस्त्यावरच्या पातूर गावी एका शेतकरी कुटुंबाशी माझा जुना स्नेह आहे. घर ख्रिस्ती नाही. कपाशी-तुरीची शेती करणारे, सणासुदीला आठवणीने निरोप धाडणारे साधे माणसांचे घर आहे. त्या घरची थोरली मुलगी अकोल्याला शिकते. मध्यंतरी तिची युरोपातील एका विद्यापीठात एका सत्रासाठी निवड झाली. निघण्यापूर्वी तिला भेटायला गेलो, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "फादर, तिकडे जाऊन हिनं काय काय पाहावं, थे सांगा ना हिले." मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मी पाहाले नाही, शिकाले चालली."

तिला वाचायला एखादे मराठी पुस्तक द्यावे, असे मी कबूल केले आणि परत येऊन कपाटापुढे उभा राहिलो. तिचे वाक्य तेथे मला अधिक नीट कळले. परदेशाविषयीचे आपले लोकप्रिय वाङ्मय बहुतांशी पाहणाऱ्यांचे आहे. प्रवासवर्णनकार शहरात उतरतो, संग्रहालये आणि माणसे न्याहाळतो, कौतुक करतो, कोपरखळी मारतो आणि परततो. त्याची परीक्षा कोणी घेत नाही. विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी असते. तो पाहतो त्याहून अधिक तो पाहिला जातो. त्याचे उच्चार, त्याचे जेवण, त्याच्या श्रद्धा हे सारे इतरांच्या निरीक्षणाचा विषय होते. अशा अवस्थेत लिहिलेले मराठी गद्य कोणते आणि त्याची योग्यता काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम 'देवाणघेवाण' या शब्दाविषयी. युरोपीय राष्ट्रांनी १९८७ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची जी योजना सुरू केली, तिला इरॅस्मस या कॅथलिक धर्मगुरू-पंडिताचे नाव लाभले आहे. पॅरिस, केंब्रिज, लूव्हेन, बाझेल अशी विद्याकेंद्रे धुंडाळत त्याचे आयुष्य गेले. अशा योजनांत सामान्यतः विद्यार्थी शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो आणि यजमान विद्यापीठ त्याच्याकडून वेगळे शुल्क घेत नाही, कारण त्याच्या बदल्यात तिकडचा विद्यार्थी इकडे यावयाचा असतो. तिकडे मिळवलेले श्रेयांक इकडच्या गुणपत्रकात जमा होतात. हिशेब चोख आहे. परंतु जाणाऱ्याने तिकडे काय दिले, याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होत नाही. ती शोधावयाची तर वाङ्मयाकडेच वळावे लागते.

या शोधात पहिले नाव पंडिता रमाबाईंचे येते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला आणि एप्रिल १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. या धर्मभगिनींचे काम पुण्यात चालत असे. रमाबाईंनी त्यांना मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे, असे ठरले होते. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात मिस डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. 'एक्स्चेंज स्टुडंट' हा शब्दप्रयोग आपल्या कानी पडण्यापूर्वी कितीतरी दशके एका मराठी विधवेने देवाणघेवाणीचा हा व्यवहार अक्षरशः पाळला होता.

हा व्यवहार सुखाने पार पडला, असे मात्र नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. रमाबाईंची श्रवणशक्ती क्षीण होत गेली आणि वैद्यक शिकण्याचा मनोदय सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. तथापि त्यानंतर मतभेद मिटण्याऐवजी वाढले. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांनाही शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील काही बिशपांनी विरोध केला. रमाबाईंना याचे नवल वाटले. ज्या देशाला हे धर्माधिकारी मागासलेला समजत होते, त्या देशात त्यांनी पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती. आपल्या सदसद्विवेकाचा अधिकार कोणाच्या हाती सोपविण्यास त्यांनी नकार दिला.

हे सारे आपल्याला त्यांच्या पत्रांतून कळते. सिस्टर जेराल्डीन, मिस बील आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याच्या गद्याचा याहून जिवंत नमुना माझ्या पाहण्यात नाही. शिष्या गुरूशी वाद घालते आहे, तेही गुरूच्या भाषेत, जी भाषा ती त्याच गुरूंकडून नुकतीच शिकली आहे! तिच्या इंग्रजीत कोठे अवघडलेपण आहे. युक्तिवादात मात्र नाही. त्यात शास्त्रार्थात मुरलेल्या घराण्याची शिस्त दिसते. उपकारांची जाणीव ठेवूनही मनाचा स्वामी बदलू द्यायचा नाही, हा तोल ती पानोपान सांभाळते.

त्या पत्रव्यवहारातील एक प्रसंग धर्मगुरू या नात्याने मला वारंवार आठवतो. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असावीत, हे रमाबाईंना मान्य नव्हते. लॅटिन आपल्याला आणि आपल्या देशभगिनींना परकी आहे; अक्षरे हवीतच तर ती संस्कृत का नसावीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. धर्मभगिनींना त्यात अहंकार दिसला. मिस्साविधीत लोकभाषेला वाव देणारा आपल्या ख्रिस्तसभेचा उपासनाविषयक दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झाला. रमाबाईंचा वाद अँग्लिकनांशी होता, आपल्याशी नव्हता, असे म्हणून हात झटकता येतील. परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. समोरची स्त्री आपल्याला काही शिकवते आहे, हे ओळखण्यात जी चूक तेथे झाली, ती करण्याची क्षमता आपल्यातही होती आणि आहे.

आता त्यांच्या मराठी गद्याकडे वळू. 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) ही छोटेखानी पुस्तिका मूळ एका पत्राच्या रूपाने लिहिली गेली. तिच्यात नवखेपणाची टवटवी आहे. पण ती मुक्कामाच्या आरंभीची असल्याने पुढच्या संघर्षाची चाहूल तिच्यात नाही. खरा ग्रंथ म्हणजे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९). १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. त्या काळात त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, गावोगाव व्याख्याने दिली आणि मायदेशी परतल्यावर हा ग्रंथ सिद्ध केला.

ग्रंथाची मांडणी विषयवार आहे : राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती. इंग्रजांच्या सत्तेखालील वाचकापुढे, इंग्रजांचे जोखड झुगारून दिलेल्या प्रजासत्ताकाची इतकी तपशीलवार ओळख ठेवणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. लेखिका भारावलेली आहे, पण आंधळी नाही. गुलामगिरीचा कलंक आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय ती लपवीत नाही. स्त्रियांना उच्च शिक्षणाचा हक्क अमेरिकेतही झगडूनच मिळवावा लागला, हे ती आवर्जून दाखविते. आपल्याकडील वाचकाला 'तेथे झाले, येथेही होऊ शकेल' असा धीर देणे, हा तिचा हेतू उघड आहे.

तरीही दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की लेखिकेचा वावर प्रामुख्याने सुधारकांच्या आणि परोपकारी संस्थांच्या जगात झाला. त्यामुळे ग्रंथातील अमेरिका तिच्या सद्हेतूंच्या मोजमापाने थोडी उंच दिसते. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. पत्रांतून भेटणारी 'मी' या ग्रंथात मागे सरते. माहितीची शिस्तबद्ध दाटी होते आणि ती माहिती मिळविताना एका एकाकी, कमी ऐकू येणाऱ्या, लेकीपासून दूर राहिलेल्या स्त्रीने काय सोसले, याचा फारसा थांग लागत नाही. लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिलेल्या ग्रंथात स्वतःचे दुःख मांडणे त्यांना अप्रशस्त वाटले असावे. त्या संयमाचा आदर करूनही म्हणावे लागते, की आपल्या भाषेतल्या या थोर विद्यार्थिनीचे सर्वांत उत्कट गद्य मुळात इंग्रजीत राहिले. मराठीच्या वाट्याला तिचा निष्कर्ष आला, तिची झुंज आली नाही.

ती झुंज मराठीत पाहावयाची तर आनंदीबाई जोशींच्या पत्रांकडे जावे लागते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांना एम.डी. पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीस क्षयाने त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांची पत्रे आपल्यापुढे आली. पतीच्या संशयी, बोचऱ्या पत्रांना दिलेली उत्तरे त्यांत आहेत. आदर न सोडता सत्य बोलण्याची रीत त्यांत आहे. थंडी, कपडे, शाकाहार या रोजच्या गोष्टींतून परदेशातील विद्यार्थिनीचे जिणे तेथे प्रत्यक्ष दिसते. आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. नवे शास्त्र शिकताना जुन्याचा अभ्यास त्यांनी परीक्षकांपुढे ठेवला. त्याचे वैद्यकीय मूल्य तज्ज्ञ ठरवतील. रिकाम्या हाताने ज्ञानमंदिरात जाऊ नये, ही त्यामागची वृत्ती मला मोलाची वाटते.

तिसरे पुस्तक धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' (१९२४). गोव्यातील साखवाळचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने घर सोडून काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा फिरत विद्या मिळवीत गेला. १९१० साली हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्या प्रयत्नाने तो अमेरिकेस पोहोचला. वॉरन यांनी अपुऱ्या ठेवलेल्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनात साहाय्य करणे, हे काम होते. येथे शिकणारा आणि शिकवणारा यांची अदलाबदल झालेली दिसते. पाली विद्येत हार्वर्डला त्याची गरज होती. परंतु ग्रंथावर नाव कोणाचे आणि कशा प्रकारे यावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद विकोपाला गेले आणि १९१२ साली कोसंबी काम तडीस न नेता परतले. पुढे ते पुन्हा हार्वर्डला गेले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत 'विसुद्धिमग्ग' प्रसिद्ध झाला तो १९५० साली, वॉरन यांच्या बरोबर कोसंबींचे नाव घेऊन. तेव्हा कोसंबींना वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला देह ठेवून तीन वर्षे झाली होती.

'निवेदन'चे गद्य निरलंकृत आहे, कधी कधी कोरडे वाटावे इतके. वुड्स यांचे सौजन्य ते कृतज्ञतेने सांगते आणि श्रेयाचा वादही त्याच सपाट स्वरात सांगते. तक्रारीचा सूर लावणे सहज शक्य होते. कोसंबी तो लावीत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत. विद्येच्या देवाणघेवाणीत घेणाऱ्याचा श्रेयांक लगेच मांडला जातो, देणाऱ्याचे श्रेय मात्र रेंगाळते, हे या पुस्तकाइतके स्पष्ट मराठीत दुसऱ्या कोणी दाखविल्याचे मला आठवत नाही.

परदेशी विद्या ज्या मातीतून आपण गेलो तिला परत कशी द्यावी, याचे उदाहरण आम्हा वऱ्हाडकरांना लांब शोधावे लागत नाही. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरो-ऑक्सफर्डला शिकले, वेदवाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहिला आणि परतून १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. उलट दिशेचेही उदाहरण आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज येशूसंघीय फादर स्टीफन्स यांनी येथली भाषा शिकून 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोलला छापले गेले. शिकलेल्या भाषेचे ऋण त्याच भाषेत फेडणारा असा विद्यार्थी विरळा.

माझ्यापुरते सांगायचे, तर सेमिनरीत सेंट थॉमस अक्वायनसवर मी इंग्रजीत पाने भरून उत्तरे लिहिली आणि उत्तीर्ण झालो. पहिल्या धर्मग्रामात एका वृद्धेने 'आत्मा म्हंजे काय, फादर?' असे विचारले, तेव्हा माझ्याजवळ तिच्या भाषेतले एक वाक्य नव्हते. दोष माझा होता. घेतलेले परत द्यायचे आहे, हे मी ध्यानात घेतले नव्हते.

शेवटी पातूरच्या मुलीला मी 'निवेदन' दिले आणि आनंदीबाईंच्या पत्रांतील निवडक भागाची छायाप्रत दिली. रमाबाईंचा पत्रव्यवहार परतल्यावर वाच, असे सांगितले. पुस्तक चाळत तिने विचारले, "पण फादर, माह्याजवळ त्याहीले देण्यासारखं काय आहे?" मी तिला तिच्या शेताचे, घरच्या बोलीचे, कोरडवाहू कपाशीबद्दल तिला असलेल्या माहितीचे नाव घेतले. तिची खात्री पटली, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. तेथून पत्रे लिही, मराठीत लिही आणि थंडी, स्वयंपाक, एकटेपणा यांतले काही गाळू नकोस, एवढे मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतले. दोन आली आहेत. दुसऱ्या पत्रात तिने लिहिले आहे, की वर्गात कापसावर बोलण्याची तिची पाळी पुढच्या आठवड्यात आहे.