रोममधील पाच आठवडे

जॉर्ज एलियट हिची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ ह्या काळात आठ भागांनी प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील एक प्रांतिक गाव आणि त्याची पंचक्रोशी एवढाच तिचा प्रदेश आहे. लिडगेट ह्या डॉक्टरचे पॅरिसमधील पूर्ववृत्त सोडले, तर कथानक समुद्र ओलांडते ते एकदाच. १९ ते २२ ह्या चार प्रकरणांत नवविवाहित डोरोथिया आणि तिचा पती कॅसॉबन ही दोघे रोममध्ये आहेत. टीकाकारांनी ह्या प्रकरणांना मान दिला आहे; पण तो बहुधा एकाच नात्याने, विवाह फसल्याची पहिली जाणीव येथे होते म्हणून. रोम हे मग त्या जाणिवेमागे टांगलेला एक भव्य पडदा ठरते. पडद्यावर फ्लॉरेन्स किंवा व्हेनिस रंगवलेले असते तरी काही बिघडले नसते, असाच ह्या वाचनाचा अर्थ होतो. तो मान्य करणे कठीण आहे. ह्या प्रकरणांचा खरा विषय पाहणे हा आहे. एखादे परके नगर दोघांनी मिळून पाहावयाचे म्हणजे काय करावयाचे, आणि ते जेव्हा साधत नाही तेव्हा नेमके काय निसटलेले असते, ह्या प्रश्नाचा इतका कसून घेतलेला शोध प्रवासवर्णनांतही सहसा आढळत नाही.

डोरोथिया विशीच्या उंबरठ्यावर आहे. कॅसॉबन पंचेचाळिशी ओलांडलेला धर्मोपदेशक आणि पंडित. जगातील साऱ्या पुराणकथांची एकच गुरुकिल्ली सांगणाऱ्या ग्रंथासाठी तो वर्षानुवर्षे टिपणे जमवीत आला आहे. वयांमधील हे अंतर पाहताच मराठी वाचकाला देवलांचे ‘शारदा’ (१८९९) आठवल्यावाचून राहत नाही, आणि ही आठवण त्याला चुकीच्या वाटेने नेते. डोरोथियाला कोणी विकलेले नाही. तिने हा वर आपण होऊन, आप्तांची नाराजी पत्करून निवडला आहे, आणि तोही विद्येवरील एका उत्कट श्रद्धेपोटी. म्हणूनच रोममध्ये तिला रडू येते तेव्हा तक्रार करण्यासाठी तिच्यासमोर कोणी अपराधी उभा नसतो. प्रवासाचा हेतूही आरंभापासून दुहेरी आहे. कॅसॉबनला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात काम करावयाचे आहे. आपण तेथे गुंतलेले असताना पत्नीला सोबत हवी म्हणून तिची धाकटी बहीण सीलिया हिने बरोबर यावे, असे तो लग्नापूर्वीच सुचवितो. ही सूचना डोरोथियाला लागते. का लागली ते तिला त्या वेळी नीट सांगता येत नाही.

रोमच्या प्रकरणांची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. डोरोथिया प्रथम दिसते ती परक्याच्या डोळ्यांनी. व्हॅटिकनमधील शिल्पांच्या दालनात नाउमन हा जर्मन चित्रकार आपला मित्र विल लॅडिस्लॉ ह्याला घाईघाईने बोलावून आणतो आणि पहुडलेल्या आरिआदनेच्या संगमरवरी मूर्तीजवळ उभी असलेली, साध्या करड्या वस्त्रांतील एक तरुणी दाखवितो. ती मूर्तीकडे पाहत नाही. तिची नजर फरशीवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यावर खिळलेली आहे. प्रेक्षणीय वस्तू पाहण्यासाठी आलेली स्त्री येथे स्वतःच प्रेक्षणीय वस्तू झाली आहे. त्यानंतर दोन तासांनी ती व्हिया सिस्तिनामधील आपल्या बिऱ्हाडी एकटी हुंदके देत असते. आणि त्या सकाळी पतिपत्नींमध्ये काय बोलणे झाले होते, हे वाचकाला सर्वांत शेवटी कळते. प्रथम बाहेरून दिसणारी सुंदर आकृती, मग अश्रू, मग त्यांचे कारण असा हा उलटा क्रम आहे. कारण आधी सांगितले असते तर दालनातील दृश्य केवळ करुण वाटले असते. ते आधी न सांगितल्यामुळे चित्रकाराच्या कौतुकात वाचकही सामील होतो आणि नंतर ओशाळतो.

त्या मूर्तीविषयी एक खुलासा. तिच्या दंडावरील सर्पाकृती कड्यामुळे तिला दीर्घकाळ क्लिओपात्रा समजत असत, आणि ज्या काळात कथा घडते त्या काळी हेच नाव रूढ होते, असे कादंबरीकर्त्री नोंदविते. थीसिअसने नाक्सॉस बेटावर टाकून दिलेली आणि पुढे डायोनिससने स्वीकारलेली आरिआदने डोरोथियाच्या शेजारी असणे अर्थपूर्ण आहे, ह्यात शंका नाही. परंतु काही अभ्यासक येथून थेट चक्रव्यूह, सूत आणि राक्षस ह्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतात, आणि डोरोथियाचे दुःख रूपकाच्या कोंदणात बसवून मोकळे होतात. फरशीवरील उन्हाचा पट्टा त्यांना दिसत नाही.

विसाव्या प्रकरणात रोमचे जे दीर्घ चिंतन आले आहे, तो ह्या भागाचा गाभा होय. कथा १८२९ सालाच्या अखेरीची आहे. छायाचित्रे नव्हती, मरेची मध्य इटलीची मार्गदर्शिका निघावयास १८४३ साल उजाडावयाचे होते. हॅझलिटसारखा मर्मज्ञही एका चित्रातील मेरीच्या फुलांनी भरलेल्या थडग्याला शोभेचे पात्र समजला होता, असा शेरा कादंबरीकर्त्री जाता जाता मारते. अशा काळात, प्यूरिटन वळणाच्या तुटपुंज्या शिक्षणावर वाढलेली एक मुलगी अचानक ह्या नगरात आणून सोडली जाते. ज्यांच्यापाशी इतिहासाची जोड आहे त्यांना रोम जगाचे अध्यात्मकेंद्र वाटेल. डोरोथियाला तेथे फक्त तुकडे दिसतात. भग्न मंदिरे, वैभवशाली चर्चे, भिंतींवरील प्रचंड आकृत्या, मूर्तींचे पांढरे डोळे ह्या साऱ्यांना जोडणारा धागा तिच्या हाती नाही, आणि तरीही तिचे मन त्यांना नाकारण्याइतके बधिर नाही. नाताळसाठी संत पीटरच्या मंदिरात टांगलेले तांबडे पडदे तिच्या डोळ्यांत एखाद्या नेत्रविकारासारखे पसरतात. पुढे आयुष्यभर, मन खचलेले असताना, हीच दृश्ये तिच्यापुढे उभी राहतील असे लेखिका सांगते. प्रवासातील आठवणी आनंदाच्याच असतात असे गृहीत धरणाऱ्या वाङ्मयप्रकाराला हा एक मोठाच धक्का आहे.

खारीच्या हृदयाची धडधड आणि गवत वाढण्याचा आवाज ऐकू येण्याविषयीचे सुप्रसिद्ध वाक्य ह्याच प्रकरणात येते. सुभाषित म्हणून ते इतक्या ठिकाणी उद्धृत झाले आहे की त्याची मूळ जागा बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. सर्वसामान्य मानवी दुःखाची पूर्ण जाणीव सोसण्याची शक्ती आपल्यात नाही, हे त्या वाक्याचे म्हणणे एका नववधूच्या रडण्याच्या संदर्भात आलेले आहे. आणि त्याआधीच्या परिच्छेदांत तीच नववधू एका नगराने तिच्या इंद्रियांवर केलेला असाच अतिरेकी मारा सोशीत असते. वाक्य रोममधून उचलले की त्याचे अर्धे बळ जाते.

आता मार्गदर्शकाकडे वळावयाचे. कॅसॉबन दुष्ट नाही. पत्नीने रोम पाहावे अशी त्याची प्रामाणिक इच्छा आहे, आणि ती तो कर्तव्यबुद्धीने पार पाडतो. फार्नेसिना पाहावयाची आहे काय, असे तो विचारतो. तेथे राफाएलची भित्तिचित्रे आहेत आणि बहुतेक लोकांना ती पाहण्यासारखी वाटतात, अशी पुस्तीही जोडतो. डोरोथियाचा प्रश्न दर वेळी एकच असतो : पण तुम्हांला ती आवडतात का? ह्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही. त्याच्यापाशी आहे ते जाणकारांचे मत. रोम हे युरोपातील प्रेक्षणीय स्थळांपैकी एक लक्षणीय स्थळ मानले जाते, हे वाक्य पाच आठवड्यांच्या मुक्कामानंतर तो पत्नीला ऐकवितो, आणि रोम पाहून मरावे ह्या जुन्या म्हणीत तिच्यासाठी गंभीरपणे दुरुस्ती करून मरणाच्या जागी नववधूच्या सुखी आयुष्याची तजवीज करतो. ह्या विनोदात क्रौर्य नाही, म्हणून तो अधिक बोचतो. लॅडिस्लॉ पुढे सांगतो की कॅसॉबनला जर्मन येत नाही, आणि ज्या क्षेत्रात जर्मन विद्वान केव्हाच पुढे निघून गेले आहेत तेथे तो चाचपडत आहे. स्ट्राउसचा (१८४६) आणि फॉयरबाखचा (१८५४) ग्रंथ जर्मनमधून इंग्रजीत आणणाऱ्या लेखिकेने हा दोष योजावा ह्याला महत्त्व आहे. भाषांतरकाराला दुसऱ्या भाषेच्या दारात उभे राहून आपले अज्ञान रोज कबूल करावे लागते. कॅसॉबन त्या दाराशी कधी गेलाच नाही.

त्या सकाळच्या संवादापाशी भाषांतरकाराची एक अडचण उभी राहते, आणि ती अडचणच अर्थ उजळून टाकते. लोविकला परतल्यावर ती टिपणे चाळून ग्रंथ लिहावयास आरंभ करावा, आपण सांगितलेले लिहून घेऊ, असे डोरोथिया कळवळून म्हणते. कॅसॉबनच्या वर्मावर घाव बसतो. इंग्रजीत ती दोघे एकमेकांना एकाच सर्वनामाने संबोधितात. मराठीत पती ‘तू’ म्हणेल. पण त्या काळची, त्या प्रकृतीची पत्नी पतीला काय म्हणेल? ‘आपण’ हेच संबोधन तिच्या तोंडी शोभेल. आणि मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी द्वितीय पुरुष, तसेच बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांना कवेत घेणारे प्रथमपुरुषी अनेकवचन. ‘आपण हा ग्रंथ लिहावा’ आणि ‘आपण हा ग्रंथ लिहू’ ह्यांत क्रियापदाच्या प्रत्ययाएवढेच अंतर राहते. डोरोथियाची सारी चूक ह्या अंतरात मावते. आदर आणि साहचर्य ह्या तिला एकाच शब्दाच्या दोन छटा वाटत होत्या. कॅसॉबन ‘आपण’ ह्या संबोधनाचा स्वीकार करावयास सदैव तयार आहे. त्यातील दुसरा अर्थ त्याला आक्रमण वाटतो. ह्या बोलण्यानंतर ती दोघे एकाच गाडीतून व्हॅटिकनला जातात, शिलालेखांच्या मार्गिकेतून बरोबर चालतात आणि ग्रंथालयाच्या दारात विलग होतात. तेथून पुढे ती निरुद्देशपणे त्या मूर्तीपर्यंत येते.

लॅडिस्लॉच्या रूपाने संभाषण प्रथमच शक्य होते. जे सुंदर म्हणून सांगितले जाते ते तसे वाटू नये ह्याचे दुःख डोरोथिया त्याच्याजवळ मोकळेपणी बोलून दाखविते, आणि तो तिला हिणवीत नाही. कला ही एक जुनी भाषा आहे, तिच्यात कृत्रिम शैली पुष्कळ आहेत, आणि ती येते एवढाच कित्येकदा तिच्यातला आनंद असतो, असे तो सांगतो. एवढ्या एका कबुलीने रोम तिला किंचित जवळचे होते. कलेचा हा सारा खर्च जगाच्या सुखात भर घालीत नाही, हा तिचा आक्षेप मात्र तो केवळ सहानुभूतीचा अतिरेक म्हणून बाजूला सारतो. त्याला खरे उत्तर कादंबरी कोठेच देत नाही. लॅडिस्लॉचे स्वतःचे चित्रण येथे फिके आहे. कुरळे केस आणि मान हलविताच सांडणारा प्रकाश ह्यांवर लेखिका अधिक विसंबते. त्या मानाने नाउमनच्या चित्रशाळेतील प्रसंग फार सरस उतरला आहे : संत टॉमस अक्विनाससाठी आपले मस्तक उपयोगी पडावे, ह्या विनंतीने कॅसॉबन सुखावतो, आणि त्या आवरणाखाली चित्रकार डोरोथियाचे रेखाटन साधून घेतो.

एक उणीव मात्र सांगावयास हवी. ह्या चार प्रकरणांत एकही रोमकर बोलत नाही. बोलतात ते इंग्रज, एक जर्मन, आणि पोलिश आजोबांचा वारसा सांगणारा लॅडिस्लॉ. नाताळच्या तोंडावरचे ते गजबजलेले नगर, त्याचे बाजार, त्याची भांडणे, त्याची बोली ह्यांचा मागमूस नाही. जे सजीव आहे तेही श्रद्धाशून्य कर्मकांडात बुडालेले आहे, असा एक निर्णय चिंतनाच्या ओघात येऊन जातो. ही डोरोथियाची दृष्टी आहे, असे समर्थन करता येईल, आणि ते अंशतः खरेही आहे. परंतु त्या चिंतनातील प्रौढ स्वर डोरोथियाचा नाही. तो १८६० साली जॉर्ज लुइसबरोबर रोम पाहून आलेल्या निवेदिकेचा आहे. डोरोथियाच्या डोळ्यांना जे दिसले नाही ते दाखविण्याची मुभा तिला होती, आणि ती तिने घेतली नाही. १८७३ मध्ये ‘मिडलमार्च’चे परीक्षण लिहिणाऱ्या हेन्री जेम्सने पुढे ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’मध्ये (१८८१) दुसऱ्या एका विफल विवाहातील स्त्रीला रोममध्येच आणले. त्याची इझाबेल भग्नावशेषांत आपले दुःख टेकवून विसावते. ती तेथे राहते, तिला रस्ते ठाऊक आहेत. डोरोथिया शेवटपर्यंत प्रवासी राहते, आणि प्रवाशाला भग्नावशेषांचा असा आधार मिळत नाही.

परतीचा प्रवास कादंबरीत नाही. २८ व्या प्रकरणात जानेवारीतील बर्फाने झाकलेले लोविक एकदम समोर येते. डोरोथियाची खोली आकसल्यासारखी दिसते. भिंतीवरील पडद्यातले हरिण पूर्वीपेक्षा अधिक भुतासारखे भासते. सीलियासाठी रोममध्ये घेतलेल्या कॅमिओंच्या डब्या ती खिडकीतल्या मेजावर ठेवते आणि त्यांवरचे हात न उचलता, नकळत, बाहेरच्या त्या निश्चल पांढऱ्या आवाराकडे पाहत राहते.