तरंगचिन्हाच्या दोन बाजू

समजा, सावनेर तालुक्यातल्या खाप्याच्या शिवारात संत्र्याची बाग आहे आणि चार खतं तपासायची आहेत. कन्हान नदीकडची जमीन भारी, चढाकडची हलकी. म्हणून बागेचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटात चारही खतं चिठ्ठ्या टाकून वाटली. झाले वीस प्लॉट. पान्से-सुखात्म्यांचं कृषी-सांख्यिकीवरचं १९५४चं पुस्तक उघडं ठेवून कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी असली विश्लेषणं हाताने केली: बेरजा, वर्ग, करेक्शन फॅक्टर, शेवटी सीडी, म्हणजे खरा मानावा असा किमान फरक. 'आर' या संगणकीय भाषेत त्याची मांडणी एका ओळीत बसते. डावीकडे उत्पादन, मध्ये तरंगचिन्ह (~), उजवीकडे गट अधिक खत.

या ओळीपाशी जरा रेंगाळावं. हिशेब कसा करायचा याबद्दल तिच्यात चकार शब्द नाही, आहे ती फक्त बागेची रचना. इथलं 'अधिक' अंकगणितातलं नव्हे. जमिनीच्या फरकाचा वाटा बाजूला काढ आणि उरलेल्यात खताचा गुण शोध, एवढं ते सांगतं. ही चिन्हभाषा विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३मध्ये मांडली. 'आर'ची थोरली बहीण 'एस' बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६पासून घडवली; ही चिन्हभाषा तिच्यात १९९२च्या सुमारास रुळली. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' रचली, १९९५मध्ये ती सर्वांना मोकळी केली आणि २९ फेब्रुवारी २०००ला तिची १.० आवृत्ती आली. मुहूर्तही चार वर्षांतून एकदाच येणारा!

'आर'चा दुसरा गुण मितभाषीपणाचा. १९६८चं एसपीएसएस हे सांख्यिकी पॅकेज विचारलं नाही तेही पानं भरून सांगतं. 'आर' विश्लेषण करून गप्प बसते; सारांश मागा, मग तक्ता देते. मला हा संयम आवडतो, नवख्या विद्यार्थ्याला मात्र तो तुसडेपणा वाटतो, आणि त्याचंही चुकत नाही.

खरी मेख खतांच्या नावांत आहे. खतांना १, २, ३, ४ असे आकडे दिले तर 'आर' ते परिमाण समजते, जणू चौथं खत पहिल्याच्या चौपट आहे. तक्त्यात खतापुढे डीएफ (स्वातंत्र्यांक) ३ऐवजी १ येतो, त्रुटीचा १२ऐवजी १४ होतो, आणि 'आर' अवाक्षर काढत नाही. ही नावं आहेत, मापं नव्हेत, हे वेगळं सांगावं लागतं. उलट, पूर्वी फाइल वाचताना अक्षरी नावांचे वर्ग 'आर' आपणहून करून टाकी, मग ते पत्ते असोत की शेरे. ही लुडबुड एप्रिल २०२०च्या ४.० आवृत्तीत थांबली. वीस वर्षांच्या सवयीला मुरड घालणारा हा बदल मला सगळ्यात प्रौढ वाटतो, जरी त्याने कित्येकांचे जुने प्रोग्रॅम मोडले.

आपल्याकडे सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं 'स्टॅटिस्टिक्स युजिंग आर' २००८मध्ये आलं, पण तेही इंग्रजीत. सावनेर तालुक्यातल्या बागाईतदाराच्या पदवीधर मुलीने वाचावं असं मराठी पुस्तक कुणीतरी लिहायला घ्यावं, आणि त्यातलं पहिलं उदाहरण संत्र्याचंच असावं.