चिमूटभर काजळी, पोतंभर दावे

अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या घरोघरी ठाऊक आहेत. एकीत राळ, दुसरीत हार्डनर. दोन्ही सारखं पिळून काडीने ढवळलं की काही वेळाने त्याचा दगड होतो. मग तो कितीही तापवा, वितळायचा नाही; फार तर करपेल. रेणूंची जाळी कायमची विणली गेलेली असते. थर्मोसेट प्लॅस्टिकचं बळ या जाळीत आहे आणि खोडही तिच्यातच. ती सहजी सरकत नाही, म्हणून एकदा गेलेला तडा सरळ धावत सुटतो.

त्यावर उपाय म्हणून राळेत भर घालण्याची युक्ती जुनीच. 1907 मध्ये लिओ बेकलँड यांनी घडवलेल्या बेकेलाइटमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवला जाई. नॅनोमीटरच्या मापाचे सिलिकाकणही राळ ओघळू नये म्हणून कित्येक दशकं वापरात आहेत. ‘नॅनो’ शब्दाचा गाजावाजा मागाहून झाला.

तो झाला मुख्यतः कार्बन नॅनोट्यूबमुळे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमुळे. सुमिओ इजिमा यांचा त्यांवरचा 1991 चा निबंध आला, पुढे या नळ्यांचा ताठपणा पोलादाच्या सुमारे पाचपट असल्याचं दिसलं, आणि एपॉक्सीत, म्हणजे अ‍ॅराल्डाइटसारख्या राळेत, चिमूटभर टाकल्या की काम फत्ते, असं वाटू लागलं. पण नळ्या एकमेकींना चिकटून बसतात. पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसं होतं, आणि राळेतली गुठळी आधार देत नाही. तडा तिथूनच सुरू होतो. ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडाव्यात तर नळ्याच तुटून आखूड होतात. शाई घोटण्याच्या तीन रुळांच्या यंत्रातून राळ काढण्याचा मार्ग त्या मानाने सौम्य. राळेशी पकड बसावी म्हणून नळ्यांवर अमाइन गट चढवतात, पण त्या खटाटोपात भिंतीला इजा होऊन वीज वाहण्याचा गुण घटतो. शिवाय राळ इतकी दाटते की तंतूंच्या थरांत मुरतच नाही. टक्केवारीतली वाढ मिरवणाऱ्या निबंधांत मुळातली साधी राळ किती नीट पिकवली होती, हे म्हणूनच आधी पाहावं. दुबळ्या गड्याला हरवणं सोपं असतं.

खरी बाजी मारली ती सिलिकाने, फारसा गवगवा न करता. सोल-जेल पद्धतीने बनवलेले सुमारे 20 नॅनोमीटरचे गोल कण राळेत सुटे राहतात आणि ती फारशी दाटत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अँथनी किनलॉक आणि सहकाऱ्यांनी त्यांना रबराच्या कणांची जोड दिली. तडा जवळ आला की कण राळेपासून सुटतो, भोवती पोकळी फुगते, राळ ताणली जाते. तड्याची ऊर्जा त्यात खर्ची पडते.

नॅनोट्यूब जिंकल्या त्या बळाचं काम सोडल्यावर. वजनाच्या 0.1 टक्क्याहूनही कमी नळ्यांनी एपॉक्सीत वीज खेळू लागते. नासाच्या 2011 साली झेपावलेल्या जूनो यानात स्थिर वीज निचरून जावी म्हणून नॅनोट्यूबची चादरच वापरली. ढवळण्याचा प्रश्नच मिटला.

धोक्याचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका प्रकारच्या नॅनोट्यूबला ‘कदाचित कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात टाकलं. राळेत पक्क्या बसलेल्या नळ्यांपेक्षा चिंता आहे ती सुटी पूड हाताळणाऱ्या कामगाराची.

दरम्यान फ्रान्सच्या लुडविक लाइब्लर यांनी 2011 मध्ये जाळीचाच स्वभाव बदलला: तापवल्यावर बंध अदलाबदल करणारं, पुन्हा घडवता येणारं एपॉक्सी. चिनी संशोधकांनी 2014 मध्ये त्यात नॅनोट्यूब मिसळल्या. प्रकाश पडला की नळ्या तापतात आणि तुटलेले दोन तुकडे सांधले जातात.